सोशल अँग्झायटी एकटी येत नाही: कार्यकर्त्यांनी काय ओळखावे?

विहारातल्या कार्यक्रमात बोलायला सांगितले की काही तरुण निघून जातात. 'लाजाळू आहे' म्हणून आपण विषय सोडतो. पण चारचौघांत लोक आपल्याला नावे ठेवतील ही भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असेल, सहा महिन्यांहून अधिक टिकली असेल आणि शिक्षण, नोकरी किंवा नातेसंबंध अडवत असेल, तर तो सोशल अँग्झायटी डिसॉर्डर, म्हणजे सामाजिक चिंताविकार असू शकतो. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि पुढे त्याच्या जोडीला दुसरे विकार येतात.

नैराश्य: माणूस वर्ग, मुलाखती, लग्नकार्ये टाळू लागतो. संधी जातात, मित्र कमी होतात, 'मी कुचकामी आहे' ही भावना पक्की होते. अनेकांमध्ये चिंता आधी आणि नैराश्य नंतर येते. डॉक्टरकडे मात्र फक्त उदासी सांगितली जाते आणि मूळची भीती लपून राहते.

दारू: लोकांत मिसळण्याआधी 'थोडी घेतली की बरे वाटते' म्हणून सुरुवात होते. भीती तात्पुरती दबते, दारूची गरज वाढते आणि उतरल्यावर चिंता अधिक जाणवते. पाचव्या शीलाची आठवण करून देणे योग्यच, पण नुसत्या उपदेशाने दारूमागची भीती जात नाही. दोन्हींवर उपचार लागतात.

इतर चिंताविकार: पॅनिक अटॅक, सततची काळजी, गर्दीची भीती हेही सोबत दिसतात. पॅनिक डिसॉर्डरमध्ये झटका अचानक येतो आणि त्याचीच धास्ती बसते. सोशल अँग्झायटीत भीती लोकांच्या नजरेची असते.

आपल्या समाजासाठी इथे एक मुद्दा महत्त्वाचा आहे. आडनाव विचारणे, राखीव जागेवरून टोमणे मारणे हे वास्तव आहे. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव थोरात समितीने २००७ साली नोंदवला. त्यामुळे आपल्या मुलांची प्रत्येक भीती 'मनाचे खेळ' म्हणून झटकता येत नाही. भेदभाव असेल तिथे तक्रार आणि संघटित पाठबळ हवे. त्यातून विकार जडला असेल तर उपचारही हवेत. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

उपचार उपलब्ध आहेत. विचार आणि वर्तन बदलणारी सीबीटी ही समुपदेशन पद्धत, तिच्यात भीतीच्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे, आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांची औषधे. ध्यानाने काहींना आधार मिळतो, पण ते उपचारांना पर्याय नाही. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव न होता सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा हक्क आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. कुणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नका, तातडीने रुग्णालयात न्या.

शाखेत आणि विहारात आपण एवढे तरी करू: कुणाला जबरदस्तीने माईकसमोर उभे करायचे नाही, थट्टा करायची नाही. आधी खुर्च्या मांडणे, मग छोट्या गटात बोलणे, असे काम द्यायचे. आणि तो तरुण दवाखान्यात जायला तयार झाला की सोबत जायचे.