मध : घटक व प्रतिऑक्सिडीकारक गुण

फुलांतील मकरंद, अथवा क्वचित वनस्पतींच्या पानाखोडांवरील गोड स्राव, गोळा करून, त्यात आपल्या शरीरातील एंझाइमे मिसळून मधमाश्यांनी पोळ्यात साठविलेला व पंखांच्या वाऱ्याने आटविलेला दाट, मधुर पदार्थ. चरकसंहितेत मधाच्या माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक अशा चार, तर सुश्रुतसंहितेत आठ जाती सांगितल्या असून, चरकाने त्या चारींचा वर्णही वेगवेगळा नोंदविला आहे.

आधुनिक पृथक्करणानुसार १०० ग्रॅम मधात सरासरीने १७ ग्रॅम पाणी व ८२ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि त्यापासून सुमारे ३०४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कर्बोदकांत फ्रुक्टोज (सु. ३८ ग्रॅम) व ग्लुकोज (सु. ३१ ग्रॅम) यांचा वाटा मोठा असून, माल्टोज, सुक्रोज इ. शर्करा अल्प प्रमाणात आढळतात. प्रथिने ०.३ ग्रॅम, पोटॅशियम सु. ५० मिलिग्रॅम, लोह ०.४ मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व ०.५ मिलिग्रॅम हा उर्वरित तपशील पाहता, जीवनसत्त्वे व खनिजे यांचा साठा म्हणून मधाची जी ख्याती सर्वत्र झाली आहे तिला या आकड्यांचा आधार मिळत नाही, हे स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. फ्रुक्टोज व ग्लुकोज यांचे परस्परप्रमाण फुलागणिक बदलते. मोहरीच्या मधात ग्लुकोज अधिक असल्याने तो काही आठवड्यांतच पांढुरका होऊन थिजतो, आणि त्यात साखर मिसळली असावी असा गिऱ्हाइकाचा ग्रह होतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे, कारण शुद्ध मधही स्वभावतःच थिजतो.

एका मधाला दुसऱ्याहून वेगळेपण येते ते या शर्करांमुळे फारसे नव्हे, तर अत्यल्प अंशाने असणाऱ्या इतर द्रव्यांमुळे. त्यांत क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्रायसिन, पिनोसेंब्रिन ही फ्लॅव्होनॉइडे, आणि गॅलिक, कॅफेइक, पॅरा-कूमारिक ही फिनॉलिक अम्ले प्रमुख होत. ही संयुगे आपल्याकडील हायड्रोजन देऊन मुक्तमूलकांना निष्प्रभ करतात व ऑक्सिडीकरणाची साखळी तोडतात. ती मुख्यत्वे मकरंद, पराग व पोळ्यातील राळ यांतून मधात उतरत असल्याने, कोणत्या मुलखात कोणते झाड केव्हा फुलले यावर त्यांचे प्रमाण अवलंबून असते. सर्वसाधारणपणे गडद मधात ती अधिक असतात. कुट्टूच्या फुलांचा जवळजवळ काळा मध आणि यूरोपात अकेशिया या नावाने विकला जाणारा रॉबिनियाचा फिकट मध यांच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेत कित्येक पटींची तफावत आढळते.

सह्याद्रीच्या माथ्यावर, विशेषतः महाबळेश्वरच्या परिसरात, सातेरी माशीच्या पेट्यांतून जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा इ. झाडांचा मध मिळतो. जांभळाचा मध गडद तपकिरी असून चवीला किंचित कडवट व तुरट लागतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, डोंगरउतार झाकून टाकील अशी फुलते, आणि त्या वर्षीच्या तिच्या मधाची जाणकार वाट पाहत असतात. दमट हवेमुळे या भागातील मधात पाण्याचा अंश पुष्कळदा २० टक्क्यांच्या वर जातो, व असा मध लवकर आंबतो. म्हणून पोळ्यातील घरे माश्यांनी मेणाने बंद केल्यावरच मध काढण्याचा शिरस्ता पाळणे हिताचे ठरते.

गडद मधात प्रतिऑक्सिडीकारक संयुगे अधिक असली, तरी केवळ रंगावरून मधाचा दर्जा ठरवू नये. मध तापविला असता शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्या विक्रियेने तपकिरी द्रव्ये निर्माण होतात, आणि रंगाबरोबर प्रयोगशाळेत मोजली जाणारी प्रतिऑक्सिडीकारक क्षमताही कधीकधी वाढलेली दिसते. मात्र त्याच वेळी डायास्टेजसारखी एंझाइमे नष्ट होतात व हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल हे द्रव्य वाढते. आंतरराष्ट्रीय मानकांत या द्रव्याची मर्यादा प्रतिकिलो ४० मिलिग्रॅम, आणि उष्ण प्रदेशांतील मधासाठी ८० मिलिग्रॅम, अशी ठेवली आहे. जंतुनाशक गुण व प्रतिऑक्सिडीकारक गुण यांचीही गल्लत होऊ देता कामा नये. सामान्य मधात ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमापासून होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड, व न्यूझीलंडमधील मानुका मधात मिथिलग्लायॉक्सल, ही जंतुनाशक द्रव्ये असून, यांपैकी कोणतेही प्रतिऑक्सिडीकारक नव्हे.

परीक्षानळीत दिसणारी क्षमता शरीरात तितकीच उतरते असे मानता येत नाही. शिवाय रोज चमचाभर मधातून पोटात जाणाऱ्या फ्लॅव्होनॉइडांचे व फिनॉलिक अम्लांचे प्रमाण फळे, भाज्या व चहा यांच्या मानाने किरकोळच असते. मधुमेही व्यक्तींनी मधाची गणना साखरेतच करावी. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूची बीजुके असू शकतात व तान्ह्या मुलांच्या आतड्यांत ती रुजून विषबाधा होण्याचा संभव असतो. यास्तव एक वर्षाच्या आतील बालकास मधाचे बोटही चाटवू नये.