मालक की ड्रायव्हर? वऱ्हाडच्या रस्त्यावरचा एक जुना प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतल्या एका मुलाने शाळेचा अर्ज भरून माझ्यापुढे ठेवला. 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना कोरा होता. विचारले तर म्हणाला, 'सर, अब्बू ट्रक चलाते हैं. ट्रक भी अपना ही है. क्या लिखूं?'

मी काही सांगायच्या आत मागून त्याचे वडीलच आले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते एका कार्यालयात जाऊन आले होते. आरसी बुकावर नाव असणारा माणूस गरीब कसा, असे त्यांना तिथे ऐकावे लागले होते. त्यांनी खिशातून छोटी वही काढली. उर्दूत लिहिलेला हिशेब होता: डिझेल, टोल, टायर, विमा, हप्ता. सगळे वजा जाऊन हातात उरत होते ते नोकरीवरच्या ड्रायव्हरच्या पगाराएवढेही नव्हते.

त्या रकान्याने मला इतिहासाच्या पुस्तकांकडे नेले. वऱ्हाडचा इतिहास म्हणजे कापसाचा इतिहास, असे आपण मुलांना शिकवतो. पण कापूस स्वतःच्या पायांनी चालत नाही. तो वाहून नेणारा कोण होता?

रेल्वेच्या आधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. 1842 मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस कलकत्त्याकडे पाठवला, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये म्हटले आहे. आकडा थोडा फुगवलेला असेल असे धरले, तरी एवढे बैल हाकायला किती माणसे लागली असतील? त्यांच्याबद्दल तिथे एक अक्षरही नाही. हे काम मुख्यतः बंजाऱ्यांच्या तांड्यांचे. कापूस व्यापाऱ्याचा, बैल तांड्याचा. वाटेत बैल मेला तर नुकसान बैलवाल्याचे. माल एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, ही रीत तेव्हापासूनची.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडवर खिळली. अकोला, बडनेरा करत रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तांड्यांची लांब पल्ल्याची वाहतूक संपली आणि बैलगाडीकडे गाव ते स्टेशन एवढेच अंतर उरले.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची 'शकुंतला' आली. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. पण मुंबईकडची मोठी लाइन रुंद रुळांची. म्हणजे मूर्तिजापूरला गाठी एका डब्यातून उतरवायच्या आणि दुसऱ्यात चढवायच्या. ट्रकने बाजी मारली ती इथे. जिनिंगच्या फाटकातून निघालेली गाठ थेट गिरणीच्या फाटकात, मधे हमाली नाही.

मात्र ट्रक रस्त्यावर आणणे सोपे नव्हते. रेल्वेचा धंदा बुडू नये ही काळजी 1939 च्या मोटार वाहन कायद्यामागे होती. परमिट असेल तेवढ्याच हद्दीत चाक फिरवायचे. 1954 पासून टेल्कोचे मर्सिडीज-बेंझ बनावटीचे ट्रक जमशेदपूरहून येऊ लागले, तरी भांडवल आणि परमिट ज्याच्याकडे, गाडी त्याची. आमच्या मोहल्ल्यातली मुले त्या गाड्यांवर क्लीनर म्हणून चढायची. गाडी धुणे, चाक बदलणे, उस्तादचा डबा गरम करणे, आणि नशीब असेल तर रात्री मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ स्टेअरिंग.

दोन निर्णयांनी हे चित्र बदलले. 1969 मध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लहान वाहतूकदारांना कर्ज मिळण्याची वाट उघडली. 1975 मध्ये राष्ट्रीय परमिटची योजना आली. क्लीनर, मग ड्रायव्हर, मग मालक अशी शिडी तयार झाली. माझे मामू त्याच शिडीने चढले. ऐंशीच्या दशकात त्यांनी जुना ट्रक घेतला, तोही हप्त्यावर. व्याजाच्या पैशाची गाडी म्हणून नानाजान वर्षभर तिच्यात बसले नाहीत. मामू म्हणत, दुसऱ्याची गाडी चालवून म्हातारा होण्यापेक्षा हे बरे. दोघेही आपापल्या जागी खरे होते.

शिडी चढून गेल्यावर वर काय मिळाले? 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार मुस्लिम कामगारांपैकी सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात होते. हिंदूंमध्ये हे प्रमाण 55 टक्के होते. 'स्वयंरोजगार' हा शब्द ऐकायला छान आहे. त्यात दुकानाच्या गादीवर बसलेला शेठ येतो आणि आपल्याच ट्रकच्या चाकाखाली जॅक लावणारा माणूसही येतो.

आज अकोल्याची डाळ, सरकी ढेप किंवा गाठी भरून निघालेल्या मालक-ड्रायव्हरचे भाडे दलाल ठरवतो. 16 जून 2017 पासून डिझेलचा भाव रोज बदलू लागला, पण ठरलेले भाडे वाटेत बदलत नाही. परतीचा माल नाही मिळाला तर गाडी रिकामी आणायची. 2018 मध्ये ई-वे बिल आले. त्याची मुदत रस्त्यात संपली तर अडकते ती गाडी, आणि गाडीबरोबर तिचा हप्ता. त्याच वर्षी तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन झाली. मोठ्या कंपन्यांनी स्वागत केले. एका गाडीवाल्याला मात्र जास्त भरूनही भाव टनामागे घासाघीस करूनच मिळतो.

रस्त्याचेच घ्या. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा 75 किलोमीटरचा पट्टा सुमारे 105 तासांत अखंड डांबरीकरण करून तयार झाला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याआधी कित्येक वर्षे याच रस्त्याच्या खड्ड्यांत जे कमानपाटे तुटले, टायर फाटले, त्यांची नोंद फक्त अशा खिशातल्या वह्यांत सापडते.

जानेवारी 2024 मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्यास 10 वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध ट्रक थांबले, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ट्रक कोण चालवतो हे दोन दिवस सगळ्यांना आठवले. ते कलम अजून लागू झालेले नाही. मालक-ड्रायव्हरला भीती दुहेरी होती: तुरुंगात तोच जाणार आणि मागे घरी हप्ताही त्याचाच थकणार. मालक म्हणून त्याला सवलत नाही आणि ड्रायव्हर म्हणून पगार नाही, पेन्शन नाही.

त्या दिवशी त्या मुलाला मी 'वाहतूक व्यवसाय' असे लिहायला सांगणार होतो. सोयीचा शब्द होता. पण त्याचे वडील समोर वही धरून उभे होते. मग आम्ही तिघांनी मिळून लिहिले: 'स्वतःचा ट्रक स्वतः चालवतात.' रकाना लहान होता. शेवटचा शब्द त्याला रेघेच्या बाहेर लिहावा लागला.