पाठीमागचा आवाज

एका मुलाचे डोळे बांधा, त्याला डोके न हलवता बसायला सांगा आणि कधी बरोबर समोर, कधी बरोबर पाठीमागे टिचकी वाजवा. आवाज कुठून आला हे सांगताना पुष्कळदा चूक होते. दोन्ही ठिकाणांहून आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारख्याच तीव्रतेने पोहोचतो. डावे-उजवे ओळखायला वेळ व तीव्रता यांतला फरक उपयोगी पडतो, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडले. पुढे-मागे ओळखायला मात्र कानाच्या पाळीचा आकार आणि डोक्याची हालचाल लागते.

डॉल्बी डिजिटल पद्धत १९९२ मध्ये चित्रपटगृहांत आली. तिच्यात समोर तीन, बाजूंना दोन आणि खर्जाची एक अशा वाहिन्या होत्या. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’पटासाठी ध्वनिसंयोजक गॅरी रायडस्ट्रॉम यांना थेट पाठीमागचा आवाज हवा होता. सातव्या वाहिनीला तर जागा नव्हती! तोड जुनीच निघाली. १९७० च्या दशकात डॉल्बी स्टिरिओने चार वाहिन्या दोनांत बसवल्या होत्या. तसाच मागचा आवाज बाजूंच्या दोन्ही वाहिन्यांत सारखा मिसळला. दोन्हींत समान असलेला भाग वेगळा काढून मागे पाठवायचे काम चित्रपटगृहातले यंत्र करी. यंत्र नसले तरी चित्रपट जुन्या संचावर बिनतक्रार चाले. मला ही काटकसर फार आवडते.

पुढे ही सोय घरगुती संचांत आली. पण पाठीमागे मधोमध एकच स्पीकर ठेवला, तर कधी कधी आवाज चक्क समोरून आल्यासारखा वाटे. म्हणून त्या एकाच वाहिनीला थोड्या अंतरावर दोन स्पीकर लावू लागले.