साकाईची मूठ, कराडचा कोयता

सुरीच्या पात्याबद्दल लोक तासन्‌तास बोलू शकतात. स्टील कुठलं, धार किती अंशांची, गंजतं का, दगडावर घासायची की नुसती पट्टीवर... मुठीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. खरं तर पातं भाजीला लागतं, हाताला लागते ती मूठच. आमच्या भाषेत सांगायचं तर मूठ हा इंटरफेस आहे, आणि इंटरफेसचं कौतुक कुणी करत नाही. तो वाईट असला की शिव्या मात्र पडतात.

गेल्या काही वर्षांत आपल्या मित्रमंडळींत जपानी सुऱ्यांचं खूळ चांगलंच शिरलंय. पूर्वी ऑनसाईटवरून परतताना लोक कॅमेरे आणायचे, आता सांतोकू आणतात. अशी सुरी हातात घेतली की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे मूठ अगदीच साधी आहे. बोटांसाठी खाचा नाहीत, रबर नाही, रिव्हेट नाही. एक लाकडी दांडकं आणि त्याच्या तोंडाशी काळं शिंग. 'एवढे पैसे घेतले आणि मुठीत कंजूषपणा केला', असं एका मित्राचं मत पडलं. त्या दांडक्यामागचा इतिहास शोधायला बसलो आणि फिरून फिरून येऊन पोचलो थेट आमच्या मलकापुरात. तो प्रवास जरा सविस्तर सांगतो.

ओसाकाला लागून साकाई नावाचं शहर आहे. पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर बंदुका घेऊन उतरले आणि त्याच शतकात तंबाखूही जपानात पोचली. तंबाखूचं पान केसासारखं बारीक चिरायचं तर तशी सुरी हवी. साकाईच्या लोहारांनी ती बनवली आणि इतकी चांगली बनवली की पुढे शोगुनाच्या सरकारने त्यांच्या मालाला खास शिक्का दिला. तंबाखू चिरणारे हात मग मासे आणि भाज्या चिरणाऱ्या सुऱ्यांकडे वळले. साकाईत एक माणूस पूर्ण सुरी करत नाही. पातं ठोकणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ करणारा वेगळा. (आपल्याकडचे लोहार, शिकलगार आणि सुतार आठवा. फरक नावांचाच.)

मुठीचे आकार मुख्यतः तीन. एक लंबगोल, सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही हाताला चालणारा. दुसरा इंग्रजी डी अक्षरासारखा, एका बाजूला कंगोरा असलेला. तो कंगोरा वळलेल्या बोटांच्या पेरांत बसतो, त्यामुळे उजव्या हाताची मूठ डावखुऱ्याला चालत नाही, त्याला वेगळी करून घ्यावी लागते. तिसरा अष्टकोनी. मला सगळ्यात हुशार वाटतो तो हाच. गोल दांडा हातात फिरला तर पातं कुठे वळलंय हे बघितल्याशिवाय कळत नाही. अष्टकोनाच्या कडा बोटांना आपोआप सांगतात की पातं आत्ता सरळ आहे की कललंय. शिवाय डावी आणि उजवी बाजू सारखी, म्हणून डावं-उजवं हे भांडणही मिटलं.

लाकूड वापरतात ते 'होओ', म्हणजे तिकडच्या मॅग्नोलियाचं. हलकं असतं, आणि ओल्या हातातूनही सहसा सटकत नाही. तोंडाशी शिंग असतं म्हशीचं, लाकूड चिरू नये म्हणून. पात्याचं मागचं निमुळतं टोक तापवून लाल करतात आणि सरळ लाकडात ठोकतात. ते स्वतःची जागा जाळत आत जातं. म्हणजेच मूठ काढता येते! काही वर्षांनी ती काळी पडली, कुजली, की जुनी ठोकून काढायची आणि नवी बसवायची. पातं मुख्य, मूठ बदलण्याची वस्तू. माझ्या मित्राला जो कंजूषपणा वाटला तो हा असा आहे.

आता आपल्याकडे या. जे पोर्तुगीज तिकडे तंबाखू घेऊन गेले, तेच १५१० पासून गोव्यात ठाण मांडून होते. युरोपातली लांब, सरळ पाती कोकण किनाऱ्यावर उतरत होती आणि मराठे ती आवडीने घेत होते. पातं त्यांचं, मूठ मात्र आपली. अशा तलवारीला नावच पडलं 'फिरंग'. करवीरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिली गेलेली आणि आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली 'जगदंबा' तलवार याच जातीची, युरोपीय पात्याची. आपल्या कारागिरांना त्यांचं पोलाद पसंत होतं, त्यांची मूठ नव्हती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मूठ बदलली म्हणजे तलवार चालवायची पद्धत बदलली.

ती कशी, ते बघायला संग्रहालयात जाऊन एखादी साधी तलवार नीट न्याहाळा. मूठ इतकी आखूड की वाटतं, पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते की काय! इंग्रज अधिकाऱ्यांनाही हाच प्रश्न पडायचा. हात लहान नव्हते. मुठीच्या मागे जी चकती असते, जिला गादी म्हणतात, ती मनगटाच्या आतल्या बाजूला टेकते. मूठ आखूड असल्यामुळे पंजा तिच्यात घट्ट बसतो आणि मनगट मागेपुढे फारसं हलत नाही. अशा तलवारीने भोसकणं अवघड, पण ओढून घेतलेला वार भयंकर. आकारच हाताला सांगतो की बाबा रे, असं नाही, असं मार. या मुठीत पातं बसवायचे ते लाख किंवा राळ तापवून ओतून. पुन्हा तापवली की पातं बाहेर. म्हणजे साकाईसारखीच सोय, उलट्या बाजूने: इथे मूठ टिकायची आणि पाती बदलायची.

फिरंगेची आणि खांड्याची मूठ त्याहून वेगळी. बोटांवर लोखंडी पिंजऱ्यासारखं आवरण, आणि मागे एक लांब सळई. लांब पातं दोन्ही हातांनी हाणायचं झालं तर दुसरा हात त्या सळईवर. आणि दांडपट्टा? त्यात तर मूठ दिसतच नाही. कोपरापर्यंत लोखंडी मोजा, आत एक आडवी दांडी, ती पकडायची. मनगट पूर्ण बंद. वळवायचा तो अख्खा हात, खांद्यापासून. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं तेव्हा पात्याचे फोटो भरपूर छापून आले. आतली आडवी दांडी कुणी दाखवली नाही. (तीच गोष्ट वाघनखांची. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून येऊन ती साताऱ्याच्या संग्रहालयात लागली तेव्हा सगळ्यांचं लक्ष नख्यांवर. पण ते हत्यार चालतं दोन अंगठ्यांमुळे.)

मग हे सगळं ज्ञान गेलं कुठे?

इथे दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. १८७६ च्या मार्चमध्ये जपानच्या सरकारने हुकूम काढला की इतःपर तलवार लावून कुणी हिंडायचं नाही, सैन्य-पोलीस वगळता. आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा आणला: परवान्याशिवाय हत्यार नाही. दोन वर्षांचं अंतर. दोन्हीकडे तलवारी करणाऱ्यांचं पोट एकदम रस्त्यावर. जपानात त्यातले बरेच जण स्वयंपाकाच्या सुऱ्यांकडे वळले. तलवारीचं पोलाद, तिचं पाणी देणं, तिची धार, सगळं सुरीत उतरलं. तलवारीची मूठ मात्र तिथेही वाया गेली. माशाच्या कातडीवर रेशमी दोऱ्याची वीण असलेली ती देखणी मूठ सुरीला काय कामाची? पण बिघडलं नाही, कारण पात्याला साधी लाकडी मूठ आणि ती करणारा कारागीर दोन्ही तयार होते.

आपल्याकडे ही जागाच रिकामी नव्हती. आपल्या स्वयंपाकघरात होती विळी. विळीला मूठ नाही! जगातल्या कापायच्या हत्यारांत ही काय अफलातून गोष्ट आहे याचा आपण कधी विचारच केलेला नसतो. पातं पाटात रोवलेलं, पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात मोकळे. सुरी स्थिर भाजीवर फिरते, विळीवर भाजी फिरते. आजी फणस चिरायची तेव्हा तिचं अख्खं शरीर हीच त्या पात्याची मूठ होती. उभ्याचा ओटा आला तेव्हा विळी मागे पडली आणि सुरी आली, तीही तीन रिव्हेटांची विलायती मूठ घेऊन.

शेतीची अवजारं होती, पण ती गावचा लोहार बलुत्यात करून द्यायचा. धान्यावर मिळणाऱ्या विळ्याशी तलवारीचा कारागीर किंमतीत काय टक्कर देणार? माझा अंदाज असा की इथेच दोर तुटला. शिकल म्हणजे हत्याराला चढवलेली झळाळी, ती चढवणारा तो शिकलगार. सातारा-सांगलीकडे हे आडनाव आजही घरोघर ओळखीचं. तलवारींना झळाळी देणारे हात सायकलच्या चाकावर कात्र्यांना धार लावू लागले. लोखंडाला या भागात मोठं नवं काम मिळालं ते १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना आणला तेव्हा: लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं. पण तो ओतीव लोखंडाचा कारखाना, मुठीच्या कारागिराचं घर नव्हे.

मलकापूर आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. वर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, दगडावर छिन्नीचे घाव अजून दिसतात. ज्या हातोड्यांनी ते घातले त्यांचे दांडे मात्र कुठेच नाहीत. लाकूड कुजतं, त्यामुळे मुठींचा इतिहास नेहमी असा अर्धवटच मिळतो. जिवंत मूठ बघायची तर डोंगर उतरून हायवेला यावं लागतं. थंडीत इथून उसाचे ट्रॅक्टर वाहत असतात, रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याकडे, यशवंतनगरच्या सह्याद्रीकडे. आणि हा सगळा ऊस ज्याने तुटतो तो कोयता.

पुण्यात आपल्याला कोयता माहीत झाला तो २०२२-२३ मध्ये, 'कोयता गँग'च्या बातम्यांतून. ऊसपट्ट्यात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तोडणीच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. माणसाचं नाव अवजारावरून पडलंय, आणि वहीत तेच लिहिलं जातं.

या कोयत्याची मूठ आखूड असते, पंजात मावेल एवढीच. त्यामुळे दिवसभर कमरेत वाकून राहावं लागतं. दांडा लांब का करत नाहीत? कारण उसात साखर सगळ्यात जास्त बुडख्याकडे असते. तो जमिनीलगत तुटला पाहिजे, आणि तोही डाव्या हातात ऊस धरून, नेमका. मग त्याच हत्याराने वाढं छाटायचं, पाचट काढायचं. लांब दांड्याने हे सगळं जमत नाही. तलवारीची मूठ ठरवली लढाईने, साकाईची ठरवली माशाने, आणि कोयत्याची ठरवली कारखान्याच्या उताऱ्याने. ज्याच्या हातात ती राहणार त्याची पाठ हिशेबात धरलेली नाही.

कोयते करणारे घिसाडी रस्त्याच्या कडेला भाता लावून बसतात. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते. मूठ असते बाभळीची, किंवा जे मिळेल त्या लाकडाची. टोक तापवून आत ठोकलेलं, तोंडाशी लोखंडी कडं. म्हशीच्या शिंगाऐवजी कडं, होओऐवजी बाभूळ, बाकी पद्धत साकाईचीच! तीही काढता येते, बदलता येते. आकार जवळपास गोल, कंगोरे नाहीत. पण तोडणीवाल्याकडे दोन हंगाम वापरलेला कोयता बघा. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते किंवा जुन्या लुगड्याची चिंधी, आणि ती सगळीकडे सारखी नसते. करंगळीकडे जाड, अंगठ्याकडे पातळ. घामाने ती दबून एका बाजूला चपटी होते, दुसऱ्या बाजूला बोटांच्या पेरांची रांग उमटते. तो डी अक्षराचा आकार असतो. उजवा कोयता डाव्या हाताला लागत नाही, म्हणून नवऱ्याचा आणि बायकोचा कोयता ते सहसा बदलत नाहीत.