पूल कोणाच्या घामाचा, वाट कोणाच्या हक्काची?

इतिहासाच्या पुस्तकात पूल आला की राजाचे नाव येते. अमक्या राजाने पूल बांधला, तमक्या सरदाराने घाट बांधला. दगड कोणी फोडले, चुना कोणी मळला, पैसा कोणाकडून आला आणि बांधून झाल्यावर त्यावरून कोणाला चालू दिले, हे चार प्रश्न पुस्तक विचारत नाही. आंबेडकरी चळवळीतल्या माणसांनी ते विचारलेच पाहिजेत. आज आम्ही ते मध्ययुगीन इंग्लंडच्या पुलांना विचारणार आहोत. तिथे या प्रश्नांची उत्तरे कागदावर सापडतात, आणि त्या उत्तरांतून आपला स्वतःचा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो.

आधी नदी समजून घेऊ. मैदानातली नदी पावसाळी दिवसांत पात्रात मावत नाही. दोन्ही काठांची सखल जमीन पाण्याखाली जाते. पात्रावर चार कमानी बांधून भागत नाही, कारण पुलापर्यंत पोहोचायचा रस्ताच बुडालेला असतो. म्हणून त्या सखल पट्ट्यातून दगड-मातीचा उंच रस्ता काढावा लागतो. तो सलग भरावाचा केला तर त्याचेच धरण होते आणि पुराच्या लोंढ्यात तो फुटतो. म्हणून मध्येमध्ये कमानी सोडून पाण्याला वाट द्यावी लागते. डर्बीशायरमध्ये ट्रेंट नदीवर स्वार्कस्टन येथे असा रस्ता तेराव्या शतकात झाला. त्याची लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या काही मध्ययुगीन कमानी आजही उभ्या आहेत. दंतकथा म्हणते की दोन बहिणींचे होणारे नवरे पुरात बुडाले, म्हणून त्यांनी सगळी संपत्ती या पुलात घातली. दंतकथेत बहिणी आल्या. पाण्यात उभे राहून पाया घालणारे गवंडी आणि मजूर तिथेही आले नाहीत.

आता वेठीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये जुन्या काळापासून जमीन धारण करणाऱ्यांवर तीन बोजे होते: सैन्यात जाणे, किल्ल्याची डागडुजी करणे आणि पुलाचे काम करणे. राजा नदीकाठच्या गावांना पुलाच्या कामाला जुंपत असे. 1215 मध्ये राजा जॉनला मॅग्ना कार्टा मान्य करावा लागला. त्याच्या 23 व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, पूर्वापार कायद्याने बांधील असलेल्यांखेरीज कोणत्याही गावावर किंवा माणसावर पूल बांधण्याची सक्ती करू नये. वेठ पूर्ण संपली नाही, पण नवी वेठ लादायला आडकाठी आली. योगायोग पाहा: भारतीय संविधानात वेठबिगारीला बंदी करणारा अनुच्छेदही 23 वाच आहे. फरक मोठा आहे. तिथे जुनी बांधिलकी शाबूत ठेवली गेली. आपल्याकडे वेठबिगारीला सरसकट बंदी झाली. महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलेल्या समाजाला त्या अनुच्छेदाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हे वतनाचे जोखड सैल व्हावे म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते.

सक्ती कमी झाली तर पैसा कुठून आला? राजा ठरावीक वर्षांपुरती पूलपट्टी वसूल करायची परवानगी देई. ती मुख्यतः विक्रीला जाणाऱ्या मालावर बसे. चर्च पुलाला दान देणाऱ्याला पापाच्या प्रायश्चित्तात सूट देई. पण पूल एकदा बांधून संपत नाही, तो दरवर्षी दुरुस्ती मागतो. म्हणून लोकांनी कायमचा निधी उभा केला. टेम्स नदीवरच्या ॲबिंग्डन गावात 1416 मध्ये राजाच्या परवानगीने पूल आणि सखल भागातला रस्ता सुरू झाला. तो गावातल्या एका धार्मिक बंधुमंडळाने सांभाळला. 1441 मध्ये त्या मंडळाला यासाठी जमीन बाळगायची सनद मिळाली. विल्टशायरमध्ये मॉड हीथ नावाच्या विधवेने 1474 च्या सुमारास आपली मालमत्ता एका रस्त्यासाठी लावून दिली. चिपनमच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांचे पाय ॲव्हन नदीच्या पुरात भिजू नयेत, हा त्याचा हेतू. सुमारे साडेचार मैलांची ती वाट आजही आहे आणि तिच्या नावाचा न्यास आजही तिची देखभाल करतो. लोककथा तिला डोक्यावर अंड्यांची पाटी घेऊन बाजाराला जाणारी बाई म्हणते.

हे वाचून कोणी इंग्लंडची आरती ओवाळू नये. तिथे भूदास होते, मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना गाव सोडता येत नसे. त्याच इंग्लंडने 1290 मध्ये ज्यू समाजाला देशाबाहेर हाकलले. पुढे त्याच देशाने आपल्याला लुटले. विषमता तिथेही होती. पण बाजाराला निघालेल्या भूदासाच्या पावलाने पूल बाटत नव्हता. त्याची सावली पडली म्हणून कमान धुवावी लागत नव्हती.

आपल्याकडची श्रेणीबद्ध विषमता इथे वेगळी ठरते. समोरून सवर्ण हिंदू येत असेल तर पेशवाईत अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरता येत नसे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नोंदवले आहे. 1924-25 मध्ये त्रावणकोरातील वायकोम येथे लोकांना देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. देवळात शिरण्यासाठी नाही, फक्त रस्त्यासाठी! राबायला माणूस चालतो, चालायला माणूस चालत नाही, हे जातिव्यवस्थेचे गणित आहे.

ते गणित महाडला मोडले. सार्वजनिक पैशातून बांधलेली व सांभाळलेली पाणवठ्याची ठिकाणे सर्वांना खुली असावीत, असा बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पण पाण्याला हात लावायची हिंमत 20 मार्च 1927 ला झाली. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांच्या ओळीतच ‘रस्ते’ हा शब्दही आहे. तो शब्द आम्ही सहज वाचून पुढे जातो. जाऊ नये. त्यामागे वायकोम आहे, पेशवाईतले पुणे आहे.

मग आजचे काय? आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो तेव्हा हेच दिसते की अनेक गावांत आपली वस्ती ओढ्याच्या पलीकडे किंवा सखल जागेत आहे. गावात पाणी आधी तिथे शिरते आणि पूल सर्वांत शेवटी तिथे येतो. पाऊस वाढला की पोरांची शाळा बुडते, बाळंतिणीला खाटेवरून न्यावे लागते, स्मशानाची वाट बंद होते. हा निसर्गाचा कोप नाही. कोणाला कुठे वसवायचे, हे माणसांनी ठरवले होते. पूल कुठे बांधायचा, हेही माणसेच ठरवतात.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीइतकेच लक्ष ग्रामसभेच्या जमाखर्चाकडे द्या. दलितवस्ती सुधार योजनेचा निधी किती आला, कोणत्या कामावर खर्च झाला आणि ते काम खरोखर आपल्याच वस्तीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. पूल मंजूर झाला तर पुराचे पाणी जायला मोऱ्या पुरेशा आहेत का, हे अभियंत्याला विचारा, नाहीतर तोच पूल पाणी वस्तीत ढकलेल. दरवर्षीच्या दुरुस्तीची तरतूदही विचारा. मॉड हीथच्या न्यासाने पाच शतके ते एक काम केले, म्हणून ती वाट टिकली.

वाट कोणी दान म्हणून देत नसते. ती सार्वजनिक पैशाची असते, आणि सार्वजनिक पैशात आमचाही घाम आहे.

जय भीम!