वाडगाभर इतिहास

इतिहासाशी माझं शाळेपासून जमलं नाही. मी पडलो कॉमर्सचा माणूस. अमुक लढाईत कोण जिंकलं यापेक्षा त्या लढाईचा खर्च कोणाच्या नावे टाकला, हाच प्रश्न मला पडायचा, आणि त्याला मास्तर मार्क देत नसत. राजवाडे पाहताना माझे पाय दुखू लागतात. पण खाणावळीचा इतिहास म्हटलं की मी सावरून बसतो. खाणावळीत गल्ला असतो, आणि गल्ला खोटं बोलत नाही. बोललाच तर संध्याकाळी टॅली करताना सापडतो.

व्हिएतनामचं ‘फो’ हे असं गल्ल्यातून वाचण्याजोगं प्रकरण आहे. फो म्हणजे तांदळाच्या पातळ शेवयांचं सूप. उच्चार आपण लिहितो तसा नाही. ओठ गोल न करता ‘फ’ जरा लांबवायचा आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा स्वर काढायचा. त्या स्वराचं तिकडच्या भाषेतलं नावच ‘विचारणे’ असं आहे. म्हणजे नुसतं सूप मागितलं तरी चौकशी केल्यासारखं वाटतं. आमच्या काउंटरवर लोक ‘पासबुक?’ म्हणतात ना, त्या चालीवर.

हनोईत हे खायचं ते फुटपाथवर, वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. असं स्टूल आपण न्हाणीघरात ठेवतो. त्यावर चाळिशी ओलांडलेल्या माणसाने बसायचं म्हणजे गुडघे कानांशी हितगुज करू लागतात. मूळ फो गोमांसाचं किंवा कोंबडीचं. पण आमच्यासारख्यांसाठी तिथे एक शब्द आहे : ‘चाय’. चाय म्हणजे शाकाहारी! तिकडचे अनेक बौद्ध अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास असलं जेवण पाळतात. तेव्हा चहाची तल्लफ आलेल्याने जरा जपून बोलावं. सौ. मात्र वाडग्यावर वाकून म्हणाली, “अहो, हा तर आपल्या गोड्या मसाल्याचा वास!” खरंच होतं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग. शिवाय विस्तवावर भाजलेलं आलं आणि कांदा. आमच्या डब्यातलं अर्धं बिऱ्हाड तिथे नांदत होतं.

आता जमाखर्च. तिकडच्या शेतकऱ्याची गुरं नांगराला लागत, त्यामुळे गोमांस खाण्याचं प्रमाण कमीच. मग फ्रेंच साहेब आला. साहेबाला मांस हवं, हाडं उरायची. त्या हाडांचा उपयोग चिनी आणि व्हिएतनामी फेरीवाल्यांनी केला. ती तासन्‌तास उकळून, त्यात शेवया घालून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि नाम दिन्हच्या परिसरात फो विकलं जाऊ लागलं. खांद्यावर कावड, एका टोकाला चुलीवरचं पातेलं, दुसऱ्या टोकाला वाडगे. शब्द चिनी की फ्रेंच, यावर विद्वान अजून भांडतात. माझं मत विचाराल तर मांस साहेबाच्या खाती खर्ची पडलं आणि हाडं फेरीवाल्याच्या खाती जमा झाली. इतका चोख व्यवहार मी बँकेतही क्वचित पाहिला.

1954 साली जिनिव्हा करार झाला आणि देशाचे दोन तुकडे पडले. उत्तरेतून आठ-दहा लाख माणसं दक्षिणेला गेली, आणि त्यांच्याबरोबर फोही तिकडे बोकाळलं. सायगावात त्यात मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू, गोडसर सॉस असं बरंच काही पडलं. हनोईकर अजूनही नाक मुरडतात. मिसळीवरून पुणेकर आणि कोल्हापूरकर यांच्यात जे चालतं, तेच.

तिकडे उत्तरेत दुकानं सरकारी झाली. रेशन आलं, रांगा आल्या, मांस गेलं. नुसतं पाणी आणि शेवया. तेव्हा आकाशात अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं फिरत. लोकांनी त्या मांसाविना सूपाला नाव दिलं, ‘बिनवैमानिकाचं फो’! पोटात भूक आणि डोक्यावर बॉम्ब असताना ज्यांना विनोद सुचतो, त्यांच्याशी युद्ध करू नये, एवढी अक्कल खरं तर मोठ्या राष्ट्रांना यायला हवी. सरकारी खाणावळीत ॲल्युमिनियमच्या चमच्यांना मुद्दाम भोक पाडलेलं असे, कोणी पळवू नये म्हणून. बँकेत पेनाला दोरी बांधतात ती पाहून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दोरीचं पेन निदान लिहितं तरी. भोकाच्या चमच्यातला रस्सा तोंडापर्यंत पोचायला घाई करावी लागते.

आणि सायगाव? तिथे ‘फो बिन्ह’ नावाचं साधं दुकान होतं. बिन्ह म्हणजे शांतता. मालक न्गो तोआय. खालच्या मजल्यावर अमेरिकी सैनिक फो खात आणि वरच्या मजल्यावर व्हिएतकाँगची गुप्त तुकडी हल्ल्याचे बेत आखत असे. 31 जानेवारी 1968 च्या पहाटे, ऐन नववर्षाच्या सणात, सायगाव पेटलं. अमेरिकी वकिलातीच्या आवारातच तास न्‌ तास गोळीबार चालला. पुढे तोआय पकडला गेला. त्याने मार खाल्ला, तुरुंग भोगला. देश एक झाल्यावर दुकानाचं स्मारक झालं.

पाटीवर शांतता, माळ्यावर युद्ध आणि गल्ल्यात शत्रूचा पैसा! वाचताना प्रथम मला हसू आलं, मग आलं नाही. गिऱ्हाईक विशीतलं, परक्या मुलुखात आलेलं पोर. त्याच्या वाडग्यात तोआय अजून थोडा रस्सा वाढत असेल, आणि वर काय शिजतंय हे त्याला ठाऊक. त्या पळीचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? पंचवीस वर्षं खतावण्या भरतोय, पण मला सांगता येणार नाही.

30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं. हरलेल्या बाजूची माणसं बोटींतून, विमानांतून मिळेल तिकडे गेली. अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया. सोबत सोनंनाणं फारसं नव्हतं, पातेल्याची आठवण होती. त्यांनीही फोचीच दुकानं काढली. जिंकलेल्यांचं स्मारक फोचं आणि हरलेल्यांचा संसारही फोवरच! दोन्ही बाजूंना एकच नोंद असलेलं असं दुसरं खातं मला माहीत नाही.

परदेशातल्या त्या दुकानांच्या नावांत पुष्कळदा आकडे असतात : फो 75, फो 54. बँकवाल्याला तो शाखेचा क्रमांक वाटेल. पण ती बहुधा सालं असतात. आपल्याकडे दुकानदार पाटीवर अभिमानाने ‘स्थापना 1935’ असं रंगवून घेतो. या माणसांनी घर सुटल्याचं साल रंगवलं, आणि रोज पहाटे उठून त्या पाटीखाली हाडं उकळत ठेवली.