समुद्रात डंख बसला तर काय करायचं? ब्लू बॉटल, पाकट आणि समुद्री साप, तिघांवरचे उपाय वेगवेगळे

उदगीरच्या शिवारात वाढलेल्या माणसाला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही नावं पाठ असतात. पण सुट्टीत गाडी काढून गणपतीपुळे, मालवण किंवा गोवा गाठल्यावर पाण्यात कोणते विषारी जीव असतात, हे मराठवाड्यातल्या पर्यटकांना फारसं कुणी सांगत नाही. आणि समुद्रातल्या प्रत्येक डंखावर एकच उपाय चालत नाही.

ब्लू बॉटल : निळा फुगा, लांब दोरे

पावसाळ्यात वाऱ्याबरोबर मुंबईच्या किनाऱ्यावर निळसर फुगे वाहून येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहू आणि आसपासच्या चौपाट्यांवर दीडशेहून अधिक लोकांना यांचा डंख झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. दिसायला जेलीफिशसारखा असला, तरी हा खरा जेलीफिश नाही. अनेक छोट्या जीवांची ती एक वसाहत असते. फुग्याखाली लोंबणाऱ्या दोऱ्यांमध्ये विषारी पेशी असतात. वाळूत मरून पडलेला ब्लू बॉटलही डंख करू शकतो. म्हणून लहान मुलांना तो हातात घेऊ देऊ नका.

काय करायचं? चिकटलेले दोरे चिमट्याने काढा, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. मग सहन होईल इतक्या गरम पाण्यात ती सुमारे २० मिनिटं बुडवून ठेवा. वाळू चोळणं, लघवी लावणं हे उपाय टाळा. ऑस्ट्रेलियातल्या प्रथमोपचाराच्या नियमांनुसार ब्लू बॉटलच्या डंखावर व्हिनेगरही लावायचं नसतं. तिथल्या जीवघेण्या बॉक्स जेलीफिशसाठी मात्र व्हिनेगरच वापरतात.

पाकट : पाय पडला की काटा

सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन सुरू असताना पन्नासहून अधिक भाविकांच्या पायांना दंश झाले. उथळ पाण्यात आलेल्या पाकट माशांमुळे, म्हणजे स्टिंगरेंमुळे, हे घडलं होतं. पाकट स्वतःहून हल्ला करत नाही. तो वाळूत दबून बसतो आणि पाय पडला की शेपटीचा विषारी काटा मारतो. त्यामुळे पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत चालावं. चाहूल लागली की तो निघून जातो.

गरम पाण्याने याच्या वेदनाही कमी होतात. पण काटा छाती, पोट किंवा मानेत घुसला असेल, तर तो उपसू नका, थेट रुग्णालय गाठा. 'क्रोकोडाइल हंटर' स्टीव्ह आयर्विन यांचा २००६ मध्ये छातीत असाच काटा घुसून मृत्यू झाला होता.

समुद्री साप : इथे नेहमीची लस चालत नाही

वल्ह्यासारखी चपटी शेपटी ही त्याची ओळख. कोकण किनाऱ्यावर हे साप मच्छीमारांच्या जाळ्यात नेहमी येतात आणि जाळं मोकळं करताना चावण्याचा धोका सर्वाधिक असतो. चावल्यावर फारसं दुखत नाही, आणि तिथेच फसगत होते. काही तासांत अंग दुखू लागतं, स्नायू आखडतात, लघवी गडद होते, श्वास घेणं अवघड होऊ शकतं.

भारतात मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या जमिनीवरच्या चार सापांच्या विषावर बनवलेली आहे. समुद्री सापाचं विष त्यात धरलेलं नाही. म्हणून डॉक्टरांना 'साप चावला' एवढंच न सांगता 'समुद्रात चावला' हे आवर्जून सांगा. श्वास आणि मूत्रपिंड सांभाळणारे उपचार वेळेत मिळाले, तर रुग्ण वाचू शकतो. तोवर त्याला चालवू नका, जखम कापू किंवा चोखू नका.

एवढं लक्षात ठेवा

पाण्यात उतरण्यापूर्वी जीवरक्षकाला विचारा : आज काही दिसलंय का? डंखानंतर श्वास लागला, चक्कर आली किंवा चेहरा सुजला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. महाराष्ट्र आणि गोवा, दोन्हीकडे रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच क्रमांक आहे.